कोणाच्या अंगठ्यावर?

आमच्या गल्लीतल्या धडधाकट रस्त्यावर दुसरा रस्ता घालून मिळावा, असा अर्ज मी केला. एकदा नाही, वर्षाआड. आणि दर वेळी तो मंजूर झाला.

मूर्खपणा इतक्या सरळ शब्दांत सांगितला की ऐकणाऱ्याला वाटतं, यात काहीतरी गोम असेल. गोम नाही. मी जबलपूरच्या महाराजपुरातल्या आमच्या कॉलनीच्या समितीचा सचिव होतो, नुकताच निवृत्त झालो होतो, आणि जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज नामंजूर केल्यामुळे स्वतःचा एखादा मंजूर झालेला पाहायची हौस राहून गेली होती. तुमच्याही गल्लीत असा एक गृहस्थ असेल. आठवून पाहा. कोणीच आठवत नसेल, तर तो तुम्हीच आहात.

त्या दिवशीही मंजुरीचा कागद हातात धरून मी गल्लीभर मिरवत होतो, आणि टोकाच्या घरासमोर मॅडम भेटल्या. कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा ताठ उभा केला, तो माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं,

"कोणाच्या अंगठ्यावर?"

हा त्यांचा सवाल जुना. चौकात नवी कमान उभी राहिली, कोणाच्या अंगठ्यावर? झाडांच्या बुंध्यांना निळेजांभळे दिवे गुंडाळले, कोणाच्या अंगठ्यावर? गल्लीतली तरुण पोरं बिचारी नव्या जमान्याची. मॅडम अंगठा दाखवतात म्हणजे शाबासकी देतात असं समजून तीही हसून आपला अंगठा दाखवत. मॅडम कपाळावर हात मारून घेत.

"अरे, शाबासकी नाही देऊन राहिले मी! विचारून राहिले, की उधारीच्या कागदावर अंगठा कोणाचा उमटला!"

मॅडम म्हणजे मुलींच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई. घराणं मराठ्यांच्या चाकरीत कधीतरी जबलपूरला आलेलं. नवरा फॅक्टरीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. आवाज असा, की शेवटच्या घरातून भाजीवाल्याला हाक मारली तर पहिल्या घरासमोर बसलेली गायही उठून उभी राहायची. त्यांना नाव होतं, चांगलं होतं, पण ते दारावरच्या पाटीतच राहिलं. मराठी, हिंदी, सिंधी, सगळ्यांच्या त्या मॅडम.

गल्लीत बाळ जन्माला आलं की पहिली भेट त्यांची.

"आलास का रे जामीनदारा?"

बाळाची आजी दचकायची. मॅडम त्याची इवलीशी मूठ उलगडत, अंगठा आपल्या दोन बोटांत धरत आणि अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगत. "हे पाहा बाबू. सरकार मिळवून राहिलं कमी, खर्च करून राहिलं जास्त. मधली तूट उधार. मागच्या उधारीचं व्याज द्यायला पुन्हा उधार. ती मी नाही फेडणार, मी तर चालले. हे सचिव अंकल नाही फेडणार, ते अर्ज करतात. फेडशील तू. तुला कोणी विचारलं नाही, काहून की तू होता कुठे?"

बाळ जांभई देई.

"पाहिलं? बजेटच्या दिवशी सगळे असेच ऐकतात."

मी एकदा वाद घातला होता. म्हटलं, मॅडम, सगळी दुनिया उधारीवर चालते, सरकारनं काही करूच नये का? त्या म्हणाल्या, "करावं ना. शाळा बांधा, धरण बांधा, दवाखाना बांधा. पोरगं मोठं होऊन वापरील, हसत फेडील. पोराच्या कामाचं असेल तर पोराच्या नावावर घ्या. पण चांगल्या रस्त्यावर रस्ता? तो कोणाच्या कामाचा? तो तर फक्त मार्चच्या कामाचा."

आता अशी बाई महा कंजूष असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. तर त्यांच्याइतकी उधळी बाई मी पाहिली नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात आमच्या हिच्याबरोबर एका ब्लाउजपीससाठी म्हणून जात आणि ई-रिक्षात गठ्ठे घालून परत येत. पेन्शन जमा झाली की आठवडाभर राणी, आणि महिनाअखेरीला हातात वाटी घेऊन आमच्या दारात. "वहिनी, साखर आहे का? चहापुरती." आणलेलं कापड गल्लीतल्या पोरीबाळींच्या अंगावर दिसायचं. प्रत्येक बारशाला मॅडमचा फ्रॉक ठरलेला, आणि तो नेहमी मोठाच आणलेला, दोन वर्षांनी बसेल असा.

एक दिवस मला संधी सापडली. मी त्यांच्याच पद्धतीनं अंगठा उभा केला. "मॅडम, तुमची पेन्शन तरी कोणाच्या अंगठ्यावर?"

बाईंनी माझा अंगठा पाहिला, मग स्वतःचा. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग त्या हलकेच म्हणाल्या, "माहीत आहे मला. म्हणून तर फ्रॉक आणते. मुद्दल माझ्यानं होत नाही. व्याज देऊन राहिले."

त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न कधी विचारला नाही. साखरही वाटी शिगोशीग भरून देऊ लागलो.

माझे अर्ज मात्र चालू होते. उंच खांबावरचा मोठा दिवा मागितला, तो मिळाला, आणि त्याचा उजेड नेमका माझ्या झोपायच्या खोलीत पडू लागला. मी आजही डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतो. मग गतिरोधक मागितला. गल्ली बंद टोकाची, तीतून जाणारं वेगवान वाहन म्हणजे दूधवाल्याची सायकल. तरी मिळाला, माझ्याच फाटकासमोर. त्याच्यावरून पडणारा पहिला माणूस मी. स्कूटर एकीकडे, मी एकीकडे, पायाचा अंगठा मोडला. मॅडम पन्ह्याची बाटली घेऊन समाचाराला आल्या, प्लास्टर निरखून पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "चलो, या वेळी निदान स्वतःच्या अंगठ्यावर केलंत."

आणि रस्ता. नवा रस्ता घालताना जुना खरवडून काढायचा असतो म्हणे. आमच्याकडे खरवडायला कोणाला वेळ नव्हता. जुन्यावरच नवा, त्याच्यावर आणखी नवा. कोणत्या खात्यानं घातला ते मी सांगत नाही. खाती पुष्कळ आहेत आणि मार्च सगळ्यांना असतो. रस्ता असा चढत गेला आणि त्याच्याबरोबर ज्यांना जमलं त्यांनी घरं चढवली. फरशी फोडायची, भर घालायची, नवी फरशी बसवायची. मीही चढवलं. मॅडमचं घर उताराच्या टोकाला, सगळ्या गल्लीचं पाणी तिकडे जाणारं. त्यांच्या दारच्या पायऱ्या माझ्या अर्जांनी एकेक करून गिळल्या. शेवटी रस्ता आणि उंबरा जवळजवळ एका पातळीत आले. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला टेकून परतलं.

"मॅडम, घर उचलून घ्या," मी सल्ला दिला. सल्ल्याला मंजुरी लागत नाही.

"मी उचलू? मग रस्ता पुन्हा चढेल. मग मी पुन्हा उचलू? असं चढत चढत सरकार आणि मी दोघंही आभाळात जाऊ. उधारीच्या शिडीनं."

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या भागाच्या नेत्याचा फोन आला. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. "दादा, मार्च आ रहा है। कुछ काम बताइए, पैसा पड़ा है।" मला सांगा, पैसा पडला आहे असं कोणी म्हटलं तर माणूस काय करतो? उचलायला वाकतो. मी वाकलो. शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. आमच्या गुळगुळीत रस्त्याला 'जर्जर' म्हटलं, 'जनजीवन अस्त-व्यस्त' असंही टाकलं. तो मंजूर होऊन आला, आणि इथेच आपण सुरुवात केली होती: माझ्या हातात कागद, माझ्या नाकासमोर अंगठा.

या वेळी मॅडम नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "आत या," म्हणाल्या.

इतकी वर्षं शेजारी असून मी त्यांच्या घराची जमीन कधी नीट पाहिली नव्हती. लाल आणि पिवळ्या फरशीची नक्षी होती, एक लाल, एक पिवळी. मध्येच एका ठिकाणी दोन लाल शेजारी शेजारी.

"यांनी घातलेली," त्या म्हणाल्या. यांनी म्हणजे नवऱ्यानं. "मिस्त्री नाही बोलावला. रविवारी रविवारी स्वतः बसून घातली. इथं चुकले, गप्पा मारून राहिले होते माझ्याशी. म्हणाले, उखडून नीट करतो. मी नाही करू दिलं." वाकून त्यांनी त्या दोन लाल फरश्यांवरून हात फिरवला. "घर उचलायचं म्हणजे ही गाडायची. नाही उचललं तर तुमचा नवा थर आल्यावर पाणी आत. सचिव साहेब, अर्ज परत घ्या."

त्यांनी मला साहेब म्हटलं, तेव्हाच मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सिविल लाइन्सला रस्त्याच्या ऑफिसात गेलो. तिथला इंजिनिअर तरुण होता, नम्र होता, आणि माझे अर्ज ओळखत होता. म्हटलं, काम रद्द करा. तो माझ्याकडे असा पाहू लागला, जसा दवाखान्यातला डॉक्टर धडधाकट माणसाकडे पाहतो.

"अंकल जी, माँगने का फॉर्मेट है। मना करने का नहीं है।"

"मग काम करूच नका."

"पैसा लैप्स हो जाएगा।"

"होऊ द्या."

"फिर अगले साल कम मिलेगा।" हे तो इतक्या कळवळून म्हणाला, की घरी त्याची लेकरं उपाशी बसली असावीत असं मला वाटलं. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "मौके पर ही कुछ ऐसा हो जाए कि काम हो न सके, और सड़क ठीक दिखे, तब मैं लिख सकता हूँ। अपने मन से नहीं।"

तोंड पाडून परत आलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं बाई खचतील. त्यांचे डोळे चमकले.

"असं म्हणाला? मौक्यावर, म्हणजे जागेवरच?" मग माझ्या बायकोकडे वळून, "वहिनी, पाडवा यंदा मार्चमधेच आहे ना हो?"

"हो. काहून?"

"काही नाही. तुमची पितळी घंगाळं काढून ठेवा. पन्हं पुष्कळ लागेल."

मला काही समजलं नाही. दोघी माझ्यासमोर बोलत होत्या आणि मला काही समजलं नाही, हे मी आमच्या संसाराचं थोडक्यात वर्णन म्हणून कुठेही देऊ शकतो.

भूमिपूजन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं. अर्ज माझा, त्यामुळे तयारीही माझी. मांडव सांगितला, खुर्च्या सांगितल्या, लाल कापडाचं टेबल, नारळ, झेंडू, पूजेचं ताट. वाईट वाटत होतं, खरं सांगतो. पण वाईट वाटता वाटताच मी कुर्त्याला इस्त्रीही करून आणली होती.

सकाळी उजाडताच फाटक उघडलं आणि पाय तसाच उचलून धरला. खाली ठेवायला जागा नव्हती.

मांडवापासून मॅडमच्या दारापर्यंत काळ्याभोर डांबरावर पांढरं चैत्रांगण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: चैत्रात गौर माहेरी येते, तिच्यासाठी अंगणात ही रांगोळी काढतात. तीत शंख, चक्र, सूर्य, चंद्र, तुळस, हत्ती, कासव, गाईची पावलं, सगळा संसार असतो. घरच्या अंगणात ती हातभर असते. इथं गल्लीभर होती. दोन्ही कडांना घरापासून घरापर्यंत एक अखंड रेघ ओढलेली. माझ्या मांडवात, माझ्या टेबलावर, माझ्या लाल कापडावर पितळेच्या झोपाळ्यात मॅडमची गौर बसली होती. माझा नारळ तिच्या कलशावर. माझ्या ताटात हळदकुंकू. आणि माझी बायको, पैठणी नेसून, रस्त्यावर बसून कासवाचा चौथा पाय काढत होती.

"अगं, हे काय?"

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू. पुरुषांनी मधे मधे करू नये." तिनं मान वर केली नाही.

गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मराठी तर होत्याच. शेजारच्या तिवारी भाभी चैत्री नवरात्राचा उपास सोडून नव्हे, उपासासकट ढोलक घेऊन आल्या होत्या. "मैया तो मैया है," म्हणाल्या. मॅडम हिरव्या चंदेरीत होत्या. साडी कोरी होती आणि महिनाअखेर होती, त्यामुळे साखरेचं गणित माझ्या लक्षात आलं.

मग रोड रोलर आला. घरघरत गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले. ठेकेदार ओरडला, "चढ़ा ना!" ड्रायव्हर म्हणाला, "आप चढ़ा लो भैया। मैया बैठी हैं।" आणि तो जाऊन खुर्चीवर बसला. तीही माझीच.

पाठोपाठ भैयाजींची गाडी, गाडीत हार, मागे तो तरुण इंजिनिअर. भैयाजींनी एका नजरेत झोपाळा पाहिला, रांगोळी पाहिली आणि बायका पाहिल्या. मतदार ओळखायला त्यांना चष्मा लागत नसे. तेही चपला काढून वाकले.

"या, या भैयाजी!" मॅडमचा आवाज पलीकडच्या अधारताल वस्तीपर्यंत गेला असेल. "बसा. पन्हं घ्या. रस्ता बनाना है ना आपको? ज़रूर बनाइए. आम्ही कोण नाही म्हणणारे? फक्त एक करा. ही जी रेघ ओढली आहे ना आम्ही दोन्ही बाजूंनी, ती जिथं खड्ड्यात तुटली असेल, तिथं बनवा. जर्जर रस्त्यावर रांगोळी नीट उमटत नाही, तुम्हाला तर माहीत आहे."

मग जे दृश्य दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका कडेनं भैयाजी, दुसऱ्या कडेनं ठेकेदार, मागून इंजिनिअर, तिघंही कमरेत वाकून, पन्ह्याचे पेले हातात धरून, रेघेवरून नजर फिरवत चालले आहेत आणि खड्डा शोधत आहेत. ढोलक गप्प. शंख गेला, चक्र गेलं, हत्ती गेला. रेघ केसासारखी सलग.

"मिल गया!" ठेकेदार आनंदानं ओरडला. "यहाँ टूटी है!"

सगळे धावले. माझ्या फाटकासमोर रेघ खरोखर तुटली होती. उडी मारून पलीकडे गेली होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो गतिरोधक आहे. तो सचिवांचा आहे."

गल्लीत जो हशा उसळला त्यात रोलरचा ड्रायव्हर सगळ्यात मोठ्यानं हसत होता. भैयाजीही हसले, आणि हसला तो नेता अर्धा हरला, हे मॅडमना चांगलं ठाऊक होतं. त्या लगेच इंजिनिअरकडे वळल्या.

"तुम्हाला लिहून पाहिजे ना मौक्यावरचं? चला ग."

कुंकवाचं ताट फिरलं. एकेक बाई पुढे येई, अंगठा कुंकवात बुडवी आणि रेघेला लागून रस्त्यावर उमटवी. तिवारी भाभींनी उमटवला, समोरच्या सिंधी आजींनी सुनेला धरून खाली बसून उमटवला, माझ्या बायकोनं उमटवला. काळ्या रस्त्यावर, पांढऱ्या रेघेला लाल अंगठ्यांची किनार चढत गेली.

"आजपर्यंत विचारत होते ना मी, कोणाच्या अंगठ्यावर?" मॅडम म्हणाल्या. "हे घ्या. आमच्या. आणि आम्ही म्हणतो, नाही पाहिजे. पैसा जिथून आला तिथं वापस जाऊ द्या."

मीही पुढे झालो, बाही सावरली. मॅडमनी ताट बाजूला घेतलं. "तुम्ही राहू द्या. तुमची सही ऑफिसात आहे."

शेवटी माझी सून आली, कडेवर माझी नात. तिला अजून दात यायचे होते. कोणीतरी कौतुकानं म्हणालं, "अरे, इसका भी लगाओ, छोटा-सा!" सुनेनं बाळाचा हात पुढे केला. मॅडम पुढे आल्या, त्यांनी तो इवला अंगठा पाहिला आणि बाळाची मूठ आपल्या हातानं मिटली.

"हिचा नाही," त्या म्हणाल्या. "हिचा कोणी घ्यायचा नाही."

तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मी मांडवाचा खांब तपासू लागलो. खांबाला काही झालं नव्हतं.

भैयाजी शहाणे. त्यांनी नारळ फोडला नाही, गौरीपुढे ठेवला आणि दणक्यात म्हणाले, "मैया की जय!" इंजिनिअरनं मोबाइलवर रांगोळीचे, अंगठ्यांचे, अखंड रेघेचे फोटो काढले आणि तिथेच माझ्या खुर्चीवर बसून टिपण लिहिलं: 'स्थल पर सड़क अच्छी पाई गई।' माझ्या सगळ्या अर्जांत नसलेली एक गोष्ट त्या एका ओळीत होती. ती खरी होती.

रोलर उलटा निघाला. पीं पीं करत, हळूहळू, सगळी गल्ली मागे घेत. तिवारी भाभींनी ढोलकीवर थाप मारली. मी लग्नाच्या वराती पाहिल्या आहेत, जिंकलेल्या उमेदवारांच्या मिरवणुकी पाहिल्या आहेत. पण परत जाणाऱ्या रोलरच्या मागे बायका नाचत निघाल्या आहेत, अशी वरात जबलपुरात तेवढी एकच झाली.

चैत्रगौर महिनाभर माहेरी राहते. त्यामुळे ठेकेदाराला 'उद्या येतो' म्हणायचीही सोय नव्हती. एकतीस तारखेच्या संध्याकाळी तो इंजिनिअर एकटाच आला. मांडवात बसला. "मैडम, पैसा वापस चला गया," म्हणाला, कोणी गेल्याची बातमी द्यावी तसं.

"सगळा?"

"पूरा। मेरी नौकरी में पहली बार।"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मग तर खव्याची जलेबी पाहिजे! बडा फुहारा, ताजी, गल्लीभर पुरेल एवढी." मग माझ्याकडे पाहून अंगठा उभा केला. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "आज तुमच्या."

दिली. हसत दिली. तो इंजिनिअर जाताना दुसऱ्यांदा जलेबी मागून घेऊन गेला.

त्या पावसाळ्यात बायकांनी नवी नाली मागितली नाही. आहे ती साफ करा, एवढंच म्हणाल्या, आणि होईपर्यंत रोज म्हणाल्या. एका दुपारी धो धो कोसळलं. मी छत्री घेऊन मॅडमच्या घराकडे धावलो, म्हणजे गतिरोधक सांभाळून धावलो. त्या उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय त्या दोन लाल फरश्यांवर. फरशी कोरडी ठणठणीत. पाणी दारापर्यंत आलं, थोडं घुटमळलं आणि नालीकडे वळलं.

"पाहा," त्या ओरडल्या, "यालाही वापस जाता येते! सांगावं लागते फक्त!"

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. थंडीत, दुपारच्या झोपेतच गेल्या. आमच्या घरी त्यांची वाटी राहिली होती, ती अजून साखरेच्या डब्यात आहे. घराची किल्ली त्यांच्या नागपूरच्या भाचीनं आमच्या हिच्याकडे दिली आहे. दर चैत्रात ही ते घर उघडते, फरशी पुसते, गौर बाहेर काढते. माझी नात आता रेघ ओढायला लागली आहे. बारशाला मिळालेला फ्रॉक तिला अंगाला यायच्या आधीच आखूड झाला, कारण पोरगी आमच्या रस्त्यासारखी वाढली.

यंदा गौर बसली त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक नवा इंजिनिअर उभा दिसला. बूट काढून, बगलेत फाइल. बायका खाली वाकून अंगठे उमटवत होत्या.

"मैडम कौन हैं?" त्यानं दबकत विचारलं.

ढोलक थांबली. माझ्या बायकोनं कुंकवाचा अंगठा तसाच हवेत धरला, नाकासमोर, त्याच्या. तो एक पाऊल मागे सरला.

परिस्थिती सांभाळायला मी पुढे झालो. म्हटलं, मी समितीचा सचिव, माझं नाव अमुक. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अच्छा, आप ही हैं! चार्ज देते समय पुराने साहब आपका नाम ख़ास बताकर गए थे।"

मी वळून हिच्याकडे पाहिलं. ऐकते आहे ना, याची खात्री करून घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय सांगून गेले?"

"बोले, मैडम रहें न रहें, उस गली में काम मत ले जाना। और अंकल जी का आवेदन आए तो पढ़ना मत, उस पर चाय का गिलास रख लेना।"